न्युमरिकल घेऊ की नंबर थिअरी?

पत्र थोडक्यात: नागपुरात एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. घर काटोलकडे, संत्र्याची बाग. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, आता मैत्रिणीसोबत खोली करून राहते. पुढच्या सत्रासाठी न्युमरिकल कॉम्प्युटेशन (समीकरणांची उत्तरं आकडेमोडीनं, हवी तेवढी जवळची काढणं) किंवा नंबर थिअरी (पूर्णांकांचा आणि मूळ संख्यांचा अभ्यास) यांतला एक ऐच्छिक विषय निवडायचा आहे आणि फॉर्मची तारीख जवळ आली आहे. रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसची काटेकोर सिद्धतांची बाजू, तिला मनापासून आवडतं. बी.एस्सी.ला न्युमरिकल मेथड्समध्ये मार्क चांगले पडले, पण ‘कॅल्क्युलेटर बडवण्यापलीकडे काही केल्याचं आठवत नाही’. एका सरांनी वर्गात सांगितलं, ज्यांना खरं गणित झेपत नाही ते न्युमरिकलकडे वळतात. इंजिनिअर भाऊ म्हणतो, ‘काहून डोकं खपवून राहिली? पायथनमध्ये एका ओळीत सारं होते, आता तर एआयच लिहून देते.’ दोन मैत्रिणी एम.एस्सी. सोडून डेटा सायन्सच्या क्लासला चालल्या आहेत, फी लाखाच्या घरात. बाबांची इच्छा नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) होऊन प्राध्यापक व्हावं अशी. तिच्याकडे लॅपटॉप नाही, कॉम्प्युटरची धास्ती आहे. ती विचारते, ‘हा विषय घेतला तर मी गणितापासून लांब जाईन का? आणि नाही घेतला तर नोकरीपासून?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरांचं, भावाचं, मैत्रिणींचं, बाबांचं अशी चार मतं तू सविस्तर लिहिलीस. विषय तुला स्वतःला कसा वाटला याबद्दल मात्र एकच वाक्य आहे, कॅल्क्युलेटर बडवण्याचं. म्हणून आधी विषयाकडे बघू, माणसांकडे नंतर वळू.

बी.एस्सी.चा तो पेपर कसा असतो, मला ठाऊक आहे. बायसेक्शन, रेग्युला फाल्सी, न्यूटन-राफसन, सिम्प्सनचा नियम, रुंगे-कुट्टा. सूत्र लिहायचं, तक्ता आखायचा, पाच-सहा इटरेशन्स (त्याच सूत्राच्या पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्या) भरायच्या आणि ‘चार दशांश स्थळांपर्यंत अचूक’ असं लिहून खाली दोन रेघा मारायच्या. ते चार अंक बरोबर आहेत हे कशावरून, असं तुला तीन वर्षांत कुणी विचारलं का? माझा अंदाज, नाही. आणि विषयाचा जीव तर त्याच प्रश्नात आहे. उत्तर काढणं हा त्यातला अर्धा भाग. त्या उत्तरावर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा हे सिद्ध करणं हा दुसरा भाग, आणि तो सगळा तुझ्या आवडत्या ॲनालिसिसचा आहे.

वही घे आणि २ चं वर्गमूळ न्यूटनच्या पद्धतीनं काढ. सुरुवात ३/२ पासून कर. पुढचं उत्तर येईल १७/१२, त्याच्या पुढचं ५७७/४०८. आता बौधायन शुल्बसूत्रात, यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, दिलेली किंमत बघ: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). बेरीज करशील तर तीही नेमकी ५७७/४०८ येते. वेदी आखणाऱ्यांनी ती कोणत्या वाटेनं काढली असेल ते असो. खऱ्या वर्गमूळाशी तिचा फरक साधारण ०.०००००२ एवढाच आहे. न्यूटनचं आणखी एक पाऊल टाकलंस की ६६५८५७/४७०८३२ मिळतं आणि दशांश चिन्हानंतरचे अकरा अंक जुळतात.

आता थांब आणि विचार, बरोबर अंक दर पावलाला जवळजवळ दुप्पट का होत गेले? टेलरचा सिद्धांत काढ, दुसऱ्या अवकलजाचं (डेरिव्हेटिव्हचं) पद ठेव, चूक वर्गात जाते हे अर्ध्या पानात सिद्ध होईल. मग (क्ष − १)² = ० हे समीकरण घे. इथे तीच पद्धत रखडते, चूक प्रत्येक पावलाला फक्त निम्मी होते. का? मूळ दुहेरी आहे, तिथे पहिला अवकलजही शून्य होतो आणि तुझ्या सिद्धतेतली एक अट मोडते. अट कुठे वापरली आणि ती काढली तर काय बिघडतं, हेच तर तू रिअल ॲनालिसिसमध्ये दिवसभर करतेस. बनाखचं कॉन्ट्रॅक्शन मॅपिंग प्रमेय शिकली असशील किंवा लवकरच शिकशील. इटरेशन थांबणार की भरकटणार, हे सांगणाऱ्या कितीतरी निकालांच्या मुळाशी ते आहे.

सरांचं वाक्य तुझ्या मनाला लागलेलं दिसतं. ते कोणत्या संदर्भात बोलले मला माहीत नाही, पण विधान म्हणून ते टिकत नाही. गाउसनं १८०१ साली हरवलेल्या सेरेस या बटुग्रहाची कक्षा मोजक्या निरीक्षणांवरून आकडेमोड करून काढली, तोच गाउस नंबर थिअरीचाही बाप आहे. पीटर लॅक्स यांना २००५ चं आबेल पारितोषिक मिळालं ते आंशिक अवकल समीकरणांच्या सिद्धांतासाठी, उपयोगासाठी आणि त्या समीकरणांची उत्तरं संगणनानं काढण्याच्या कामासाठी. जेम्स विल्किन्सन यांनी पूर्णांकनाच्या (राउंडिंगच्या) चुका पुढे कशा सरकतात याचं विश्लेषण उभं केलं, त्यांना १९७० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गणित झेपलं नाही म्हणून ही माणसं तिकडे वळली नव्हती. शिवाय ‘नेमकं उत्तर’ हवं म्हटलं तरी ते नेहमी मिळतं कुठे? पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला वर्गमूळ-घनमूळ अशा करणींचं सूत्र नसतं, हे तर शुद्ध बीजगणितच सांगतं.

तरी सरांशी वाद घालायला जाऊ नकोस. त्यांच्याकडून ॲनालिसिस नीट शिकून घे, ते तुला न्युमरिकलमध्येच सगळ्यात जास्त लागणार आहे.

आता भाऊ. त्याची काळजी खरी आहे आणि त्याचं अर्धं म्हणणं बरोबरही आहे. मोठाल्या मॅट्रिक्सची गणितं हातानं सोडवण्यात कुणी आयुष्य घालवू नये. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली नमपायसारखी तयार साधनं पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांवर उभी आहेत, ती वापरावीत. पण आधी तू वहीवर एक गणित कर. क्ष² − २००क्ष + १ = ०. मुळं १०० ± √९९९९. समज, तुझ्या यंत्रात चारच सार्थ अंक मावतात. मग √९९९९ म्हणजे ९९.९९. लहान मूळ आलं १०० − ९९.९९ = ०.०१. खरं मूळ आहे ०.००५०००१२५. म्हणजे उत्तर थेट दुप्पट आलं! सूत्र बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर, तरी उत्तर चुकलं. कारण जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की पुढचे बरोबर अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागचे पूर्णांकनाचे अंक तेवढे उरतात. मुळांचा गुणाकार १ आहे हे आठव आणि लहान मूळ १ ÷ (१०० + ९९.९९) असं काढ. त्याच चार अंकांत ०.००५ येतं. यंत्र तेच राहिलं, फक्त करणारी शहाणी झाली.

खऱ्या कॉम्प्युटरमध्ये चार अंक नसतात, साधारण पंधरा-सोळा असतात, म्हणून भाऊ म्हणेल की एवढ्यात काही बिघडत नाही. त्याला सांग, २०० च्या जागी १०० कोटी घाल आणि शाळेतलं सूत्र जसंच्या तसं पायथनमध्ये लिही. लहान मूळ चक्क शून्य येईल. समीकरणात शून्य घातलं की उरतं १ = ०. आणि हे घडताना पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत, प्रोग्राम शांतपणे पुढे जातो. एआयनं लिहिलेल्या कोडमध्ये ही फट आहे की नाही, हे ज्याला ती फट माहीत आहे त्यालाच दिसणार.

बाहेरच्या जगात असं होतं का, तर होतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारानं १९८२ च्या सुरुवातीला १००० पासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं मोजायचे आणि तीन दशांश स्थळांपुढचे अंक पूर्णांकन न करता छाटून टाकायचे. एका वेळची चूक अगदी नगण्य, पण दर वेळी खालच्याच बाजूची आणि दिवसातून हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ वर घसरलेला दिसत होता. नीट मोजल्यावर तो १०९८ निघाला. बाजार वर चालला होता आणि फळ्यावर मात्र मंदी.

याहून जवळचं उदाहरण देते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस तुला आठवत असेल. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या होत्या. असं पाणी कुठे, किती वेळात, किती उंच चढेल हे आधी सांगायचं तर त्यासाठीची समीकरणं फार जुनी आहेत, सँ-व्हेनाँ या फ्रेंच अभियंत्यानं १८७१ साली मांडलेली. खऱ्या नदीसाठी ती कागदावर सुटत नाहीत. नदीचे तुकडे पाडायचे, वेळेचे तुकडे पाडायचे आणि एकेक पाऊल पुढे जायचं. समज, तुकडा १०० मीटरचा आहे आणि पाणी ५ मीटर खोल आहे. अशा पाण्यात लाट सेकंदाला √(९.८×५), म्हणजे ७ मीटर जाते. एक तुकडा ओलांडायला तिला साधारण १४ सेकंद लागतात. जिथे आत्ताच्या किमतींवरून थेट पुढची किंमत काढतात, तिथे वेळेचं पाऊल या १४ सेकंदांहून मोठं ठेवलं की आकडे फुगत जातात आणि उत्तराचा विचका होतो. पाणी वाहतं असेल तर पाऊल आणखी लहान हवं. ही अट कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली शोधली, तेव्हा आजच्यासारखा कॉम्प्युटर अस्तित्वातही नव्हता. त्यांचा निबंध शुद्ध गणिताचा होता, उत्तरं अस्तित्वात आहेत हे सिद्ध करण्यासाठी लिहिलेला. तुझ्या ‘खरं गणित की न्युमरिकल’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आता मैत्रिणींचा क्लास. त्यांचा निर्णय त्यांच्या घरच्या परिस्थितीतून आला असेल, त्यावर मी बोलणार नाही. तुझ्यापुरतं सांगते, अर्ध्यावर एम.एस्सी. सोडून लाख रुपये भरू नकोस. डेटा सायन्समध्ये ज्याला मॉडेल ‘ट्रेन करणं’ म्हणतात, ते मुळात ग्रेडियंटच्या (चढाच्या दिशेच्या) उलट पावलं टाकत न्यूनतम किंमत शोधणं आहे. लीस्ट स्क्वेअर्स, आयगेनव्हॅल्यू, सिंग्युलर व्हॅल्यू, हे सगळं याच पेपरच्या घरातलं. पाया पक्का झाला की वरचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत बदललं तरी तू बदललेल्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेशील. क्लास करायचाच असेल तर एम.एस्सी. झाल्यावर कर, आणि पैसे भरण्याआधी तिथल्या शिकवणाऱ्याला विचार, की ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ का दिसते. उत्तरात ‘०.१ बायनरीत संपत नाही, म्हणून तो आधीच किंचित बदलून साठवलेला असतो’ एवढं आलं तर माणूस जाणता आहे.

नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, कोणताही एक पेपर ती देत नाही. नागपुरात मात्र या विषयाशी नातं असलेली कामं तुझ्या डोळ्यांसमोर चालतात. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत हवेच्या आणि पाण्याच्या प्रदूषणावर काम होतं, महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग केंद्रात उपग्रहांच्या चित्रांवर, प्रादेशिक हवामान केंद्रात हवामानावर. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत संशोधन करणारी माणसं आहेत. अशा ठिकाणी प्रकल्पासाठी विचारायला गेलीस तर ‘मी हे शिकले’ यापेक्षा ‘मी हे केलं, ही माझी वही, हा माझा कोड’ असं म्हणता आलं पाहिजे.

बाबांना सांगायला सोपं आहे. सीएसआयआर नेटच्या गणिताच्या अभ्यासक्रमात न्युमरिकल ॲनालिसिस आहे, गेटच्या गणिताच्या पेपरमध्येही आहे. त्यांच्या वाटेपासून तू कुठेही दूर जात नाहीस.

कॉम्प्युटरची धास्ती हा मला तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा भाग वाटला. बाकीच्या प्रश्नांमागेही तोच असेल का, हे स्वतःला विचारून बघ. गावातल्या शाळेत कॉम्प्युटरला हात लावायला मिळाला नाही, इथे बाजूची मुलगी फटाफट टाइप करते, आणि पडद्यावर इंग्रजीत एरर आली की सगळे बघताहेत असं वाटतं. याचा बुद्धीशी काहीही संबंध नाही, हा फक्त सरावाचा भाग आहे. एरर आली की घाबरून पहिली ओळ वाचू नकोस, सगळ्यात शेवटची वाच. काय बिघडलं ते पायथन तिथे सांगतो, आणि कोणत्या ओळीत ते त्याच्या जरा वर. सुरुवातीला बहुतेक वेळा कंस किंवा ओळीपुढची मोकळी जागा चुकलेली असते.

लॅपटॉप नाही म्हणून अडू नकोस. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, महागडं मशीन लागत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा भाऊ सुट्टीत आला की त्याच्या लॅपटॉपवर काम होतं. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या फंदात पडू नकोस, ऑक्टेव्ह आणि सायलॅब फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतूनही धडे आहेत, दहा-बारा मिनिटांचे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर न्युमरिकलची पूर्ण व्याख्यानं मोफत आहेत, पण ती नुसती बघत बसू नकोस. आधी बायसेक्शन स्वतः लिही, दहा ओळींचं काम आहे. प्रत्येक पावलाला चूक छापून घे आणि ती निम्मी होताना बघ. मग न्यूटन लिही. मग गाउस एलिमिनेशन, आधी पिव्हटिंगशिवाय (म्हणजे ओळींची अदलाबदल न करता) आणि नंतर पिव्हटिंगसकट. तयार फंक्शन त्यानंतरच वापर.

त्यात एक प्रयोग नक्की कर. हिल्बर्ट मॅट्रिक्स घे, जिच्या प्रत्येक घरात १/(ओळ + स्तंभ − १) असतं. उत्तर सगळे एक यावेत अशी उजवी बाजू बनव आणि तयार फंक्शनकडून सोडवून घे. ५×५ ला उत्तर छान येईल. १०×१० ला बरोबर अंक कमी झालेले दिसतील. १३×१३ ला एकाच्या जागी भलतेच आकडे बघायला मिळतील. चूक कोडची की समीकरणांची, यावर रात्रभर विचार कर. कंडिशन नंबर नावाची गोष्ट (दिलेल्या आकड्यांतली बारीक चूक उत्तरात किती पट फुगू शकते याचं माप) मग कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

परीक्षा जुन्या पद्धतीची असेल तर ती जुन्या पद्धतीनंच दे. शेवटच्या महिन्यात जुने पेपर काढून तक्ते भरायचा सराव कर, मार्क सोडायचं कारण नाही. आणि कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे पहिल्या मिनिटाला बघ. कोसाइन क्ष = क्ष चं मूळ ०.७३९०८५ आहे. डिग्रीवर राहिलं तर ०.९९९८ च्या आसपास येतं आणि अख्खा प्रश्न हातचा जातो.

नंबर थिअरीबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण तूही लिहिलं नाहीस. पत्रात तिचं नाव एकदाच येतं, न्युमरिकलला पर्याय म्हणून. तुला मूळ संख्यांचं खरंच वेड असेल, सुट्टीतही त्याचीच गणितं करत बसत असशील, तर बिनधास्त तीच घे. तेही सुंदर गणित आहे, आणि वरचे प्रयोग त्या पेपरसोबतही करता येतात. पण फक्त सरांच्या नजरेत ‘खऱ्या गणिताची’ ठरावीस म्हणून घेत असशील, तर घेऊ नकोस. तुझ्या पत्रावरून तरी मला वाटतं तू न्युमरिकल घ्यावंस.

फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारून ये. शिकवणार कोण आहे, आठवड्याला लॅबचे तास खरोखर होतात का, आणि लेखी परीक्षेबरोबर छोटा प्रकल्प करता येतो का. गेल्या वर्षी हा पेपर घेतलेल्या एखाद्या सीनिअर मुलीलाही गाठ, वेळापत्रकावर नसलेलं ती सांगेल. लॅबचे तास नुसते कागदावर असतील तर चार जणी मिळून विभागप्रमुखांना आठवड्यातून दोन तास लॅब उघडी ठेवण्याचा अर्ज द्या, तोंडी विचारण्यापेक्षा लेखी अर्ज बरा. मुलं कमी म्हणून पेपर सुरूच होत नसेल, असंही बरेचदा होतं, तर नंबर थिअरी घे आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी न्युमरिकलचा विषय आत्ताच सरांकडे नोंदवून ठेव.